लाळेच्या डीएनए किटमधलं ‘पॅनिक’चं पान : घ्यावं की नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारात मोबाइल उघडला की हल्ली घरपोच डीएनए किटची जाहिरात दिसतेच. किंमत पाच ते पंधरा हजारांच्या घरात. नळीत लाळ भरायची, कुरिअरने पाठवायची आणि काही आठवड्यांनी मोबाइलवर लांबलचक अहवाल येतो. त्यात मधुमेह, हृदय, केसगळती यांच्या जोडीला एक पान मनाचं असतं : ‘पॅनिक व चिंतेचा जनुकीय धोका’. ज्या घरात कुणाला तरी बसल्याजागी छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि ‘आता काही मी वाचत नाही’ असं वाटतं, त्या घरातले लोक बऱ्याचदा या एका पानासाठीच किट मागवतात. म्हणून हे परीक्षण त्या पानाचं आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण हे पान थोड्याफार फरकाने एकाच साच्यातलं असतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. पॅनिकच्या पानासाठी एक रुपयाही खर्च करू नका. किटमध्ये कामाचं पान आहे, पण ते वेगळं, औषधांचं. आणि पॅनिकचा आनुवंशिक धोका बऱ्यापैकी सांगणारी गोष्ट तुमच्या घरात फुकट पडून आहे. तिच्याकडे खाली वळतोच.

आधी किट म्हणून ते कसं आहे ते पाहू. डब्यात एक नरसाळं लावलेली नळी, झाकणात किंवा वेगळ्या कुपीत टिकवण द्रव, बारकोडचं लेबल, जाड प्लास्टिकची पिशवी आणि संमतिपत्र. लाळ साधारण २ मिली लागते. त्याआधी अर्धा तास खाणंपिणं, चूळ भरणं, चहा, सगळं बंद. आपल्याकडे नमुना बाद होण्याचं मोठं कारण तंबाखू, गुटखा आणि मिश्री. तोंडात त्याचा अंश राहिला की लाळेतून निघणारा डीएनए कमी आणि मळका मिळतो. मिश्री लावणाऱ्या बायकांनी सकाळी उठल्या उठल्या, मिश्रीला हात लावायच्या आधी नमुना द्यावा. दुसरी चूक फेसाची. नळीवरची रेघ लाळेने भरायला हवी, फेस त्यात धरायचा नाही. फेस बसला की खाली जेमतेम निम्मी लाळ उरते. तिसरी चूक टिकवण द्रव नीट न मिसळण्याची. झाकण पूर्ण आवळून द्रव खाली उतरला का ते डोळ्यांनी बघा आणि नळी दहा-पंधरा वेळा उलटसुलट करा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा नमुना खराब होईल का ही शंका रास्त आहे. द्रव मिसळलेली लाळ असा उन्हाळा चांगला सोसते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना मात्र ओलाच प्लास्टिकमध्ये कोंबला तर त्यात जंतू वाढतात. काडी आधी पूर्ण सुकू द्यायची. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या गावांतून नमुना उचलायला माणूस येतो का, हे पैसे भरण्याआधी पिनकोड टाकून तपासा. किट म्हणून पाहिलं तर एवढंच. सूचना वाचून केलं तर बिघडण्यासारखं काही नाही. खरी अडचण अहवालात आहे.

पॅनिकच्या पानावर बहुधा गाडीच्या काट्यासारखं चित्र असतं : हिरवा, पिवळा, लाल. काटा लालकडे आणि खाली ओळ, ‘तुमचा धोका सरासरीपेक्षा १.३ पट’. हे वाचून माणूस हादरतो. आता याचा हिशोब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून केलेल्या सर्वेक्षणांत आयुष्यभरात पॅनिक डिसऑर्डर होणाऱ्यांचं प्रमाण १.७ टक्के निघालं. म्हणजे शंभरात दोनाच्याही आत. त्याला १.३ने गुणलं तर सव्वादोन. काटा लालमध्ये असलेल्या शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना हा आजार होणारच नाही. दिसायला काटा पार लालमध्ये गेलेला, हिशोबाने तो जागचा हलल्यासारखाही नाही. हा मूळ आकडा, म्हणजे ‘सरासरी किती’, बहुतेक अहवालांत छापलेलाच नसतो. माझ्या मते या पानाचा हाच सर्वांत मोठा दोष आहे.

त्याच सर्वेक्षणांत आयुष्यात एकदा तरी पॅनिकचा झटका आलेल्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे झटका येणं ही बरीच सर्रास गोष्ट आहे. आजार तेव्हा म्हणतात, जेव्हा झटके अचानक आणि पुन्हा पुन्हा येतात आणि पुढे महिनाभर तरी ‘परत येईल का’ ही धास्ती राहते किंवा माणूस बाजार, एस.टी., लग्नघर टाळू लागतो.

आता पानातल्या जनुकांकडे. बहुतेक ठिकाणी पहिलं नाव सीओएमटीचं असतं. हे जनुक २२व्या गुणसूत्रावर आहे, मेंदूतली डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) ते बनवतं. त्यातल्या एका जागी, आरएस ४६८० म्हणतात ती, डीएनएचं एक अक्षर बदललं की विकरात व्हॅलिनऐवजी (‘व्हॅल’) मेथिओनिन (‘मेट’) येतं आणि विकराचं काम तीन-चार पटीने मंदावतं. इथवरचं जीवरसायन पक्कं आहे. पुढची उडी कच्ची आहे. युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासांत पॅनिकसाठी बोट व्हॅल प्रकाराकडे गेलं, तर पूर्व आशियाई अभ्यासांचा कल उलट, मेटकडे. मग रावेरच्या किंवा शिरपूरच्या माणसाच्या अहवालात कोणता नियम लावला? अहवालात ते लिहिलेलं नसतं. विचारलं तर ग्राहक सेवेतल्या मुलालाही सांगता येत नाही.

दुसरं नाव सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची ने-आण करणाऱ्या ‘सेरोटोनिन वाहक’ जनुकाचं, १७व्या गुणसूत्रावरचं. त्याचा ‘आखूड’ आणि ‘लांब’ प्रकार १९९६मध्ये चिंतेशी जोडला गेला आणि त्यावर शेकडो शोधनिबंध निघाले. पॅनिक डिसऑर्डरपुरते सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा संबंध उरला नाही. २०१९मध्ये नैराश्याच्या बाबतीत असल्या १८ गाजलेल्या जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर तपासणी झाली, तेव्हा ती चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. यात एक तांत्रिक मेख आहे. हा आखूड-लांब फरक सुमारे ४४ अक्षरांचा तुकडा असण्या-नसण्याचा आहे. स्वस्त किटचा नमुना प्रयोगशाळेत ज्या चिपवर वाचतात ती एकेक सुटं अक्षर वाचते, असा तुकडा तिला थेट दिसत नाही. शेजारच्या अक्षरांवरून अंदाज बांधावा लागतो. अहवालात तुमचा प्रकार ‘आखूड’ म्हणून छापला असेल तर तो वाचलेला आहे की अंदाजाने काढलेला, हे लेखी विचारा.

पंधराव्या गुणसूत्रावरची एक गोष्ट या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. २००१मध्ये एका नामांकित नियतकालिकात आलं की या गुणसूत्राचा एक भाग दुप्पट झालेला असला की पॅनिक आणि सैल सांधे एकत्र दिसतात. फार गाजावाजा झाला. इतर प्रयोगशाळांनी तोच तुकडा शोधला, तो सापडलाच नाही. पुढे हळूहळू शास्त्रज्ञ एका-दोन जनुकांवर भिस्त ठेवायला कचरू लागले, ते अशाच अनुभवांमुळे. किटचं पान अजून तिथेच अडकलेलं आहे.

मग आजचं ज्ञान काय सांगतं? डेन्मार्क, एस्टोनिया, जर्मनी आणि स्वीडनमधले २,२४८ रुग्ण आणि तुलनेला ७,९९२ लोक घेऊन संपूर्ण जनुकसंचाची चाळणी झाली. ती २०२१मध्ये छापून आली. एकही सुटी जागा शास्त्राच्या कडक निकषावर टिकली नाही. पण सगळ्या जागांचा मिळून वाटा काढला तर तो २८ ते ३४ टक्के भरला. याचा अर्थ नीट समजून घ्या : आनुवंशिकता आहे, ती खरी आहे, पण हजारो ठिकाणी चिमूट चिमूट विखुरलेली आहे. चिंतेचे सगळे विकार एकत्र घेऊन लाखो लोकांवर झालेल्या अभ्यासांत काही जागा पक्क्या सापडल्या, त्याही प्रत्येकी अगदी बारीक परिणामाच्या. पाच-सहा जागा वाचून कुणाचं भविष्य सांगणं म्हणजे कपाशीच्या गाठोड्यातल्या सहा सरक्या बघून अख्ख्या शिवाराचा उतारा सांगण्यासारखं आहे.

थोड्या महागड्या किटमध्ये हजारो जागांची बेरीज करून ‘पॉलिजेनिक स्कोअर’ देतात. कल्पना बरोबर आहे, पण ती बेरीज ज्या माहितीवर बांधली ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची. दक्षिण आशियाई माणसावर असा स्कोअर लावला की त्याची अचूकता घसरते, कारण चिपवरच्या खुणा आणि खरे कारणीभूत बदल यांची जोडी प्रत्येक लोकसमूहात वेगळी बसते. ‘जीनोम इंडिया’ने १०,००० भारतीयांचा जनुकसंच वाचून जानेवारी २०२५मध्ये माहिती संशोधकांना खुली केली. तो पाया चांगला आहे, पण पॅनिकच्या भारतीय रुग्णांचा मोठा अभ्यास ही त्यापुढची पायरी आहे.

एका आकड्याने फार गोंधळ होतो, म्हणून तोही सोडवू. जुळ्यांच्या अभ्यासांवरून पॅनिक डिसऑर्डरची आनुवंशिकता ४३ टक्क्यांच्या आसपास काढली आहे. अहवालाच्या प्रस्तावनेत हा आकडा ठळक असतो आणि वाचणारा समजतो, ‘आईला आहे म्हणजे मला ४३ टक्के होणार’. तसं नाही. लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांचा, असा तो आकडा आहे. तुमच्या एकट्याच्या बाबतीत तो काहीच सांगत नाही. तुमच्यासाठी कामाचा आकडा दुसरा : सख्ख्या नात्यात, म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं यांच्यात कुणाला हा आजार असेल तर धोका सुमारे पाच पट. शंभरात दोनाच्या जागी आठ ते दहा. किटच्या १.३ पटीशेजारी हे ठेवून बघा. आणि यातही नव्वद जण सुटतात.

म्हणजे फुकट पडून असलेली चाचणी ती हीच, वंशावळ. कागदावर तीन पिढ्या काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, त्रास असलेल्याचं चिन्ह भरीव, शेजारी त्रास सुरू झाला तेव्हाचं वय. अवघड भाग विचारण्याचा आहे. ‘आपल्यात कुणाला पॅनिक होतं का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येणार, कारण हा शब्द आपल्या घरात नव्हताच. अहिराणीत माणूस सांगतो ‘जीव घाबरा व्हस’, ‘छातीमा धडधड व्हस’. कुणी गॅस वर चढला म्हणतं, कुणी बीपी, कुणी बाहेरची बाधा. म्हणून आजीला असं विचारा : “आबांना रात्री उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं का? कितीदा? ईसीजी कसा निघाला?” वारंवार धावपळ आणि दर वेळी चांगला निघालेला ईसीजी, ही खूण बोलकी आहे. “मोठी आत्या एस.टी.त बसायला का घाबरायची? लग्नात कायम दाराजवळच का बसायची?” तेही विचारा. पुरुषांच्या बाबतीत दारूचं विचारायला लाजू नका. धडधड दाबायला संध्याकाळी दारू घेणारे बरेच असतात आणि घरचे फक्त दारूच लक्षात ठेवतात.

त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारायचाच : घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक, शेतात काम करताना किंवा चालता चालता कोसळून गेलं का? उत्तर ‘हो’ असेल तर पॅनिकचा विषय बाजूला ठेवा. आनुवंशिक हृदयविकारांत, स्नायू जाड होण्यात किंवा ठोक्याच्या विजेच्या दोषात, हे घडतं. तिथे ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयरोगतज्ज्ञ आधी. श्रम करताना चक्कर येऊन शुद्ध हरपणं हे पॅनिकचं लक्षण धरून कधीही बसू नये.

जनुक चाचणी खरी उपयोगी कशी असते याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं आणि हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एक बदल, एक आजार, ठाम उत्तर. बोटाच्या रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्यांनी खात्री. नवरा-बायको दोघं वाहक असतील, म्हणजे दोघांकडे बदललेल्या जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. नंदुरबारच्या घरात पैसे खर्चून पॅनिकचं पान मागवायचं आणि ही तपासणी राहून जायची, हे पाहवत नाही. शिवाय रक्त फार कमी असलं तरी छाती धडधडतेच.

ते लक्षात घेऊन, झटके येत असतील तर किटच्या पैशांतून आधी या तपासण्या उरकाव्यात : टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी आणि झटक्याच्या वेळचा रक्तदाब. थायरॉइड जास्त चालत असेल तर हुबेहूब असंच होतं. झटका घाम आणि डोकेदुखीसह येत असेल आणि त्याच वेळी रक्तदाब भलताच चढत असेल तर अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीचा विचार करायला डॉक्टरांना सांगा. ती क्वचित असते, पण तिचा आनुवंशिक भाग मोठा आहे. चहा-कॉफीचा हिशोबही मांडा. कॅफिन ज्यावर काम करतं त्या अडेनोसिन रिसेप्टरच्या जनुकावरून कॅफिनने कुणाला जास्त घाबरल्यासारखं होतं याचे संकेत आहेत आणि किटमध्ये ती ओळ असते, पण ती वाचायला पैसे कशाला? दोन आठवडे चहा थांबवून बघा. एकदम तोडला तर दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकतं, म्हणून रोज एकेक कप कमी करा.

आता कामाचं पान. सीवायपी२सी१९ हे १०व्या गुणसूत्रावरचं जनुक यकृतात औषधं मोडणारं विकर बनवतं. त्याचा ‘स्टार २’ हा निकामी प्रकार दक्षिण आशियात खूप आहे, साधारण तीनातली एक प्रत (प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात). दोन्ही प्रती निकामी असतील तर पॅनिकवर दिली जाणारी एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालिन ही औषधं रक्तात जास्त साचतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका अशा माणसाला डोस कमी ठेवून सावकाश वाढवायला सांगतात. त्याच मार्गदर्शिकांच्या २०२३च्या आवृत्तीने सेरोटोनिन वाहक जनुकावरून औषध ठरवायला पुरावा अपुरा आहे असंही म्हटलं. पॅनिकमध्ये मनोविकारतज्ज्ञ तसेही एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅम किंवा सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम अशी हलकी सुरुवात करतात, कारण पहिला आठवडा-दोन आठवडे अस्वस्थता वाढू शकते. मग हे पान कधी लागतं? कमी डोसलाही फार त्रास झाला किंवा दोन औषधं वाया गेली, तेव्हा. आणि घरात कुणी स्टेंटनंतर रक्ताच्या गुठळ्या रोखणारं क्लोपिडोग्रेल घेत असेल तर त्या माणसासाठी हेच जनुक जास्त मोलाचं आहे, कारण विकर निकामी असलं की ते औषध पुरेसं कामी येत नाही. पण किटच्या छापील ओळीवर गोळी बदलू नका. अमेरिकेत २०१८च्या एका पाहणीत, घरगुती किटच्या कच्च्या माहितीतले जे बदल खात्रीसाठी प्रयोगशाळेत पाठवले गेले त्यातले ४० टक्के खोटे निघाले. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तेवढीच एक चाचणी पुन्हा करून घ्या.

उपचार जनुकांवर अडलेला नाही, ही गोष्ट अहवालात सर्वांत ठळक छापायला हवी होती. काटा हिरवा असो की लाल, उपाय तेच : दहा-बारा सत्रांची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार), त्यात डॉक्टरांच्या संमतीने मुद्दाम धाप लागू देणं, जागेवर पळणं, गरगर फिरणं, म्हणजे धडधड होऊनही जीव जात नाही हे शरीर शिकतं. गरज पडल्यास गोळी, जिचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि जी मनाने बंद करायची नसते. अल्प्राझोलाम ही घबराट चटकन शमवणारी गोळी मेडिकलवरून मागून घेत राहू नका. तात्पुरतं बरं वाटतं, पण सवय लागते आणि सोडताना झटके उसळतात. तज्ज्ञाकडे जाणं लांब पडत असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

एवढं सांगूनही किट घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी पाळा. अठरा वर्षांखालच्या मुलांचा नमुना देऊ नका. पॅनिकच्या पानाने त्यांचा काही फायदा नाही आणि ‘हा भित्रा’ असा शिक्का मात्र बसतो. अहवाल घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. सोयरिकीच्या बोलण्यात असा लाल काटा समोरच्यांच्या हाती गेला की त्याचा अर्थ सांगायला तिथे कुणी नसतं आणि बहुधा मुलीलाच त्याची झळ बसते. तिसरं, संमतिपत्रात ‘संशोधनासाठी वापर’ची खूण वेगळी असते, ती विचार करून करा. नमुना नष्ट करण्याची आणि माहिती पुसण्याची सोय कुठे आहे ते पैसे भरण्याआधी वाचा. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या मोठ्या अमेरिकी कंपनीतून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५मध्ये ती दिवाळखोरीत गेली, तेव्हा ग्राहकांना घाईघाईने आपली माहिती पुसायला लागावं लागलं. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. तो भावाबहिणींचाही निम्मा असतो, म्हणून नळीत लाळ टाकण्याआधी त्यांच्याही कानावर घाला.

पॅनिकचं पान : पाचापैकी एक. औषधांचं पान : साडेतीन, खात्रीची चाचणी केली तरच. दवाखान्यात जाताना अहवालाची सगळी पानं नेऊ नका. वंशावळीचा एक कागद, टीएसएच आणि ईसीजीचे रिपोर्ट, आणि शेवटचे चार झटके किती वाजता आले, किती मिनिटं टिकले, त्याआधी काय खाल्लं-प्यालं होतं याची चिठ्ठी न्या.